संगणकाच्या द्वाराचे शिल्पकार : गॅरी किल्डॉल

आपण संगणकाच्या कळफलकावरील एखादी कळ दाबतों आणि तत्क्षणीं तें अक्षर पडद्यावर उमटतें. हें इतकें नित्याचें झालें आहे कीं, कळ आणि अक्षर यांच्यामध्यें कोणी उभें असेल अशी शंकाही आपल्या मनाला शिवत नाहीं. वस्तुतः त्या दोहोंच्यामध्यें एक द्वारपाल बसलेला असतो. कळ प्रथम त्याच्या हातीं पडते. तो ती ओळखतो, कांहीं वेळां स्वतःजवळच ठेवून घेतो, व एरव्हीं आंत काम करीत असलेल्या प्रोग्रामाकडे पोहोंचवितो. घरगुती लहान संगणकांत या द्वारपालाची शिस्तशीर योजना ज्यांनीं करून दिली, त्या गॅरी किल्डॉल यांचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

किल्डॉल यांचें नांव निघालें म्हणजे बहुधा एकच गोष्ट सांगितली जाते. एका बलाढ्य कंपनीचीं माणसें जणूं कुबेराचें भांडार घेऊन त्यांच्या दाराशीं आलीं असतां हे गृहस्थ मौजेखातर विमान उडवीत आकाशांत भटकत होते, आणि म्हणून लक्ष्मी दुसऱ्याच्या घरीं गेली, अशी ती गोष्ट. ती चटकदार आहे, म्हणूनच ती टिकली. परंतु ५२ वर्षांच्या आयुष्याचा निवाडा एका दिवसाच्या विनोदावरून करणें न्यायाचें नव्हे. त्या आयुष्यांत काय काय होतें तें क्रमानें पाहूं.

गॅरी आर्लेन किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत, सिअ‍ॅटल या बंदराच्या शहरीं झाला. त्यांच्या घराण्याची नौकानयन शिकविणारी शाळा होती. सूर्य, तारे व गणित यांच्या साह्यानें भरसमुद्रांत जहाजाचें स्थान कसें काढावें, हें तेथें खलाशांना शिकवीत. गॅरी लहानपणीं पुस्तकी अभ्यासांत चमकणारा मुलगा नव्हता. यंत्रें उघडावीं, तीं कशीं चालतात तें पाहावें, हा त्याचा छंद. परंतु घरच्या शाळेंत तो स्वतः शिकवूं लागला आणि दुसऱ्याला समजेल अशा रीतीनें अवघड गोष्ट सोपी करण्याची गोडी त्याला तेथेंच लागली. गणिताचा शिक्षक व्हावें या हेतूनें तो वॉशिंग्टन विद्यापीठांत दाखल झाला. शिक्षक होण्याची ही इच्छा त्याच्या पुढील सर्व कार्यांत दिसून येते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

विद्यापीठांत गणितावरून त्यांचें मन संगणकाकडे वळलें. १९६३ सालीं डॉरथी मॅक्युएन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्या काळीं व्हिएतनामचें युद्ध चालू असल्यामुळें तरुणांना सक्तीची लष्करी नोकरी करावी लागे. किल्डॉल यांना मात्र कॅलिफोर्नियांतील मॉंटरे येथील नौदलाच्या उच्च शिक्षणसंस्थेंत शिकविण्याचें काम मिळालें. तें करीत असतांनाच त्यांनीं १९७२ सालीं वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९७३ सालीं त्यांनीं एक निबंध वाचला. संगणकाची भाषा यंत्राच्या भाषेंत उतरवितांना अनावश्यक पायऱ्या कशा ओळखाव्या व गाळाव्या, याची एक सर्वसामान्य पद्धति त्यांत होती. संगणकशास्त्राचे अभ्यासक आजही ती किल्डॉल यांच्या नांवानें शिकतात. एवढ्यावरच ते थांबते तरी विद्वानांच्या मालिकेंत त्यांचें स्थान पक्कें झालें असतें.

परंतु त्याच सुमारास त्यांच्या हातीं एक नवी वस्तु आली. इंटेल कंपनीनें १९७१ सालीं ४००४ या क्रमांकाचा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे नखाएवढ्या तुकड्यावर मावलेला गणनयंत्राचा मेंदू, विक्रीस काढला होता. त्या काळचे मोठे संगणक खोल्या व्यापीत. हा तुकडा मुठींत मावे. किल्डॉल यांना त्यांत भविष्यकाळ दिसला. आठवड्यांतून एक दिवस ते इंटेलकडे सल्लागार म्हणून जाऊं लागले. इंटेलच्या मायक्रोप्रोसेसरांकरितां पी.एल./एम. नांवाची भाषा त्यांनीं १९७३ सालीं रचली. याच काळांत फ्लॉपी डिस्क, म्हणजे माहिती सांठविण्याची लवचिक चकती, बाजारांत आली होती. त्या चकतीवरील माहिती मायक्रोप्रोसेसराच्या लहान संगणकास सुलभपणें वापरतां यावी, म्हणून त्यांनीं एक व्यवस्था लिहिली. तिचें नांव सी.पी./एम. चकतीचें यंत्र संगणकास जोडण्याचें विद्युत्‌काम त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनीं केलें. १९७४ सालीं पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकांठच्या लहानशा गांवीं ती व्यवस्था प्रथम चालून दाखविली गेली. इंटेलनें पी.एल./एम. घेतली, पण सी.पी./एम. नाकारली. तेव्हां किल्डॉल व डॉरथी या पतिपत्नींनीं स्वतःचीच कंपनी काढली. तीच पुढें डिजिटल रिसर्च या नांवानें प्रसिद्धीस आली. आरंभीं सी.पी./एम. हौशी मंडळींस ७० डॉलरांस मिळे.

आतां द्वारपालाची कथा. १९७५ नंतर अनेक कारखानदार लहान संगणक बनवूं लागले. प्रत्येकाचें यंत्र निराळें. कोणाचा कळफलक एका जागीं जोडलेला, तर कोणाची चकती भलत्याच रीतीनें फिरणारी. प्रत्येक नव्या यंत्रासाठीं सगळी व्यवस्था पुन्हां लिहूं गेल्यास माणसाचा जन्म त्यांतच जावा. किल्डॉल यांनीं सी.पी./एम.चे निरनिराळे भाग केले. जें काम सर्व यंत्रांवर सारखेंच, तें एका भागांत ठेवलें. त्यास बीडॉस म्हणत. जें यंत्रागणिक बदलतें, तें दुसऱ्या एका छोट्या भागांत कोंडलें. त्यास त्यांनीं बायॉस हें नांव दिलें. कारखानदारानें फक्त बायॉस आपल्या यंत्राप्रमाणें लिहावा, बाकीचें जसेंच्या तसें चालतें. याचें फळ असें कीं, एका यंत्रासाठीं लिहिलेला प्रोग्राम शेजाऱ्याच्या अगदीं निराळ्या यंत्रावरही चालूं लागला. प्रोग्राम लिहून पोट भरण्याचा धंदा लहान संगणकांच्या जगांत उभा राहिला, त्याचें मोठें कारण हें होय.

विद्यार्थ्यांना उदाहरणानें सांगतों. संगणकाच्या दृष्टीनें प्रत्येक कळ म्हणजे एक अंक. रोमन लिपींतील मोठें ‘ए’ म्हणजे ६५. ‘कंट्रोल’ ही कळ दाबून धरून ‘सी’ दाबली तर ३. सी.पी./एम.वरील प्रोग्रामास कळ हवी झाली म्हणजे तो कळफलकाकडे स्वतः धांवत नसे. मेंदूंतील ‘सी’ नांवाच्या कप्प्यांत सेवेचा क्रमांक ठेवावा व स्मृतींतील ५ व्या पत्त्यावर हांक मारावी, एवढेंच त्याचें काम. क्रमांक १ ठेवला तर एक अक्षर मिळे, १० ठेवला तर संपूर्ण ओळ मिळे, ११ ठेवला तर कळ दाबली गेली आहे किंवा नाहीं एवढेंच कळे. ती हांक बीडॉस ऐके व बायॉसकडे देई. बायॉसच्या आरंभीं दारांची एक यादी असे. सी.पी./एम.च्या २.२ या आवृत्तींत तीं दारें १७ होतीं व प्रत्येकास ३ बाइटांची जागा. तिसरें दार ‘कळ आली काय’ हें सांगे व चौथें दार ती आणून देई.

आलेली प्रत्येक कळ बीडॉस प्रोग्रामास देईच असें नाहीं. कंट्रोल व ‘एस’ आल्यास तो पडद्यावरील मजकूर थांबवून धरी. कंट्रोल व ‘पी’ आल्यास तोच मजकूर छपाईयंत्रावरही पाठवी. ओळीच्या आरंभीं कंट्रोल व ‘सी’ आल्यास चालू प्रोग्राम सोडून व्यवस्था पुन्हां नव्यानें सुरू करी. या कळा मध्यें अडविल्या जात. प्रोग्रामास त्यांची वार्ताही नसे. बहुतेकांना ही सोय वाटे, पण कांहींना अडचण. वर्डस्टार या लेखनाच्या प्रसिद्ध प्रोग्रामांत कंट्रोल व ‘एस’ म्हणजे एक अक्षर डावीकडे सरकणें असे. द्वारपालानेंच ती कळ गिळली तर लेखकानें काय करावें? यासाठीं किल्डॉल यांनीं ६ क्रमांकाचें एक दार ठेवलें होतें. त्या दारानें कळ जशी आली तशी, कोणीही हात न लावतां, प्रोग्रामास मिळे.

याहूनही मौजेची गोष्ट पुढेंच आहे. दारांची ती यादी संगणकाच्या बदलतां येणाऱ्या स्मृतींत असे, आणि ती कोठें आहे हें स्मृतीच्या अगदीं आरंभींच लिहून ठेवलेलें असे. म्हणून एखाद्या चतुर प्रोग्रामरानें चौथ्या दारावरील पत्ता पुसून तेथें आपल्या प्रोग्रामाचा पत्ता लिहिला, कीं येणारी प्रत्येक कळ प्रथम त्याच्या हातीं पडे. एक कळ दाबतांच संपूर्ण वाक्य उमटवावें, अथवा कळांची मांडणीच बदलावी, असे प्रयोग या युक्तीनें करतां येत. सी.पी./एम.बरोबरच एक्ससब नांवाचा एक प्रोग्राम मिळे. तोही मध्यें उभा राही आणि जी ओळ माणसानें कळफलकावरून द्यावयाची, ती आधीं लिहून ठेवलेल्या यादींतून देई. प्रोग्रामास वाटे कीं, कोणी माणूसच टंकीत आहे.

या अडविण्याची एक नीति असे आणि ती केवळ यंत्रापुरती नाहीं. मध्यें उभें राहणाऱ्यानें जुना पत्ता आधीं नीट जपून ठेवावा, जी कळ आपली तेवढीच घ्यावी, जी आपली नव्हे ती ताबडतोब मूळच्या धन्याकडे पाठवावी, आणि काम संपल्यावर जुना पत्ता होता तसा लिहून बाजूस व्हावें. यांतील एकही नियम मोडला तर संगणक जागच्या जागीं गोठे.

१९८० सालीं आय.बी.एम. ही बलाढ्य कंपनी गुप्तपणें स्वतःचा लहान संगणक बनवूं लागली. तिचीं माणसें व्यवस्थेच्या शोधांत पॅसिफिक ग्रोव्ह येथें आलीं. त्या दिवशीं किल्डॉल आपलें विमान घेऊन एका गिऱ्हाइकाकडे कामासाठीं गेले होते. करारमदार पाहणें हें एरव्हींही डॉरथी यांचें काम असे. आय.बी.एम.नें पुढें केलेला गुप्ततेचा एकतर्फी कागद पाहून त्यांनीं व त्यांच्या वकिलानें सही करण्यास अनमान केला. सौदा जमला नाहीं. त्याच वर्षीं सिअ‍ॅटलमधील एका लहान कंपनींत टिम पॅटरसन या तरुणानें इंटेलच्या नव्या ८०८६ या मायक्रोप्रोसेसरासाठीं एक व्यवस्था लिहिली होती. सी.पी./एम.साठीं लिहिलेले प्रोग्राम तिच्यावर सहज आणतां यावे, म्हणून त्यानें दारांचे क्रमांक किल्डॉल यांच्याचप्रमाणें ठेवले होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ती व्यवस्था १९८१ सालीं विकत घेतली व आय.बी.एम.ला दिली. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर जगापुढें आला, आणि त्याची व्यवस्था डॉस या नांवानें घरोघर पोहोंचली.

किल्डॉल यांनीं ती उघडून पाहिली तेव्हां त्यांना काय वाटलें असेल, याची कल्पना प्रत्येकानें करावी. एक अक्षर हवें तर क्रमांक १, कळ हात न लावतां हवी तर ६, ओळ हवी तर १०, कळ आली काय तें पाहावयाचें तर ११. घर दुसऱ्याचें, पण दारें त्यांचीं. त्यांनीं तक्रार केली. परंतु प्रोग्रामावर त्याच्या कर्त्याचा हक्क किती, हें तेव्हां कायद्यांतही पुरतें स्पष्ट नव्हतें. किल्डॉल यांची व्यवस्थाही आपण विकूं, असें आय.बी.एम.नें मान्य केलें, व त्यांनीं न्यायालयाची पायरी चढली नाहीं. १९८२ सालीं ती बाजारांत आली तेव्हां तिची किंमत २४० डॉलर ठेवलेली होती, आणि डॉसची अवघी ४० डॉलर. गिऱ्हाइकानें कोणती घेतली असेल, हें सांगावयास नको.

नव्या यंत्रांत द्वारपालाची युक्ति अधिकच वाढीस लागली. आय.बी.एम.नेंही आपल्या यंत्रांतील त्या भागास बायॉस हेंच नांव ठेवलें. तेथें कळ दाबली वा सोडली कीं मेंदू हातचें काम थांबवी व ९ क्रमांकाच्या हांकेला ओ देई. अशा २५६ हांकांचे पत्ते स्मृतीच्या आरंभींच्या १०२४ बाइटांत मांडलेले असत, प्रत्येकी ४ बाइटांचा. ९ व्या हांकेचा पत्ता बदलला कीं सगळा कळफलक आपल्या ताब्यांत. १९८४ सालीं बोर्लंड कंपनीनें काढलेला साइडकिक हा प्रोग्राम याच रीतीनें पडद्यामागें दबून बसे. कंट्रोल व आल्ट या दोन कळा एकत्र दाबल्या कीं टिपणवही व गणकयंत्र घेऊन तो पुढें येई, आणि काम झालें कीं पुन्हां मागें जाई. आपल्या देवनागरीचाही येथें संबंध येतो. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें सुरू झालेलें व पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलेलें जिस्ट हें तंत्र पर्सनल कॉम्प्युटरांत एक कार्ड बसवून वापरीत. केवळ रोमन लिपीसाठीं लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रामांतही त्यामुळें मराठी अक्षरें टंकतां येऊं लागलीं. कळ आणि प्रोग्राम यांच्यामध्यें कोणी सज्जन उभा राहिला तर काय घडतें, याचें हें उत्तम उदाहरण होय. तेथेंच दुर्जन उभा राहिला तर तो तुमचा पासवर्ड टिपून घेतो. अशा चोरट्या प्रोग्रामांपासून आजही जपावें लागतें. जागा एकच, उभा राहणारा निराळा.

या पराभवानंतर किल्डॉल हात जोडून बसले नाहींत. मुलांना संगणक शिकणें सोपें जावें म्हणून त्यांनीं लोगो या भाषेची एक आवृत्ति तयार केली. १९८३ सालापासून कांहीं वर्षें स्टुअर्ट शिफे यांच्यासह त्यांनीं कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत सर्वसामान्य लोकांस संगणक समजावून सांगितला. स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांच्या वस्तूंविषयींही ते तेथें शांतपणें बोलत. १९८५ सालीं ग्रोलियर विश्वकोश संगणकावर आणण्याचें काम त्यांच्याच दुसऱ्या एका कंपनीनें केलें. घरच्या शाळेंत खलाशांना शिकविणारा मुलगा अखेरपर्यंत शिक्षकच राहिला, असें आम्हांस वाटतें.

मात्र चरित्रकारानें दुःखाची बाजू लपवूं नये. डॉरथी यांच्याशीं त्यांचा संसार टिकला नाहीं. १९९१ सालीं डिजिटल रिसर्च नोव्हेल कंपनीस विकली गेली. धन मिळालें, पण विमानाची ती थट्टा त्यांच्या पाठीमागें सावलीसारखी राहिली. जेथें जावें तेथें तीच. उत्तरायुष्यांत मद्यानेंही त्यांना घेरलें. १९९३ सालीं त्यांनीं आपल्या आठवणी लिहिल्या व त्या घरच्यांस व स्नेह्यांस दिल्या. पुढील वर्षीं मॉंटरे येथें त्यांच्या डोक्यास दुखापत झाली आणि ११ जुलै १९९४ रोजीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. जन्मगांवीं सिअ‍ॅटललाच त्यांची समाधि आहे. १९९५ सालीं सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या संघानें त्यांचा मरणोत्तर गौरव केला. २०१४ सालीं विद्युत्‌ अभियंत्यांच्या जागतिक संस्थेनें पॅसिफिक ग्रोव्ह येथील त्यांच्या कंपनीच्या जुन्या जागेंत स्मृतिफलक बसविला. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयानें सी.पी./एम.चें मूळ लेखन अभ्यासकांसाठीं खुलें केलें.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलांना थोरांचीं चरित्रें सांगतांना कोणाला किती धन मिळालें, या एकाच मापानें त्यांचा हिशेब मांडूं नये. ज्यानें प्रथम सर्वांसाठीं सारखीं दारें बसविलीं, त्याच्याच दारांनीं दुसरे आंत शिरले आणि धनी झाले. तो अन्याय होता, आणि अन्यायास अन्याय म्हटलेंच पाहिजे. पण दारें बसविल्यामुळें असंख्य लोकांना आंत येतां आलें, हेंही तितकेंच खरें. विद्यार्थ्यांनीं पुढील वेळीं कळ दाबतांना क्षणभर थांबावें, त्या मधल्या द्वारपालाची आठवण करावी, व स्वतः कोणाच्या मध्यें उभें राहण्याची वेळ आली तर जें आपलें नव्हे तें न अडवितां पुढें पोहोंचवावें.